क्रेडिट खात्यात जमा आहेत, पण नवं कॉलेज ती धरेल का?

महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयं आणि विद्यापीठांचे विभाग २०२३-२४ ला नव्या शैक्षणिक धोरणात आले, आणि बाकीची संलग्न महाविद्यालयं २०२४-२५ ला. त्या पहिल्या तुकड्यांसमोर असे प्रश्न उभे राहिले आहेत, जे त्यांच्या घरात याआधी कुणाला पडलेच नव्हते. मधेच विद्यापीठ बदललं तर झालेल्या अभ्यासाचं काय? स्वयम या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर केलेला कोर्स मार्कशीटवर येतो का? एक वर्ष करून थांबलं तर हातात काय राहतं? चौथं वर्ष करावं की नाही? आणि परदेशी अर्ज करायचा तर शिफारसपत्र मागायचं कुणाकडे?

या सगळ्यांवर मुलांना एकच उत्तर ऐकवलं जातं: 'काळजी करू नका, क्रेडिट एबीसीत जमा होतात.' एबीसी म्हणजे क्रेडिटची ऑनलाइन बँक. ते उत्तर खरं आहे, पण अर्धंच. क्रेडिट जमा होणं ही एक गोष्ट आणि दुसऱ्या संस्थेने ती मान्य करणं ही दुसरी. या दोहोंच्या मधे जी जागा आहे, तिथेच मुलांची वर्षं वाया जातात. म्हणून हा लेख.

क्रेडिट म्हणजे नेमकं काय

क्रेडिट, म्हणजे शासकीय कागदांतला श्रेयांक, हे अभ्यासाचं माप आहे. आठवड्याला एक तास असं पंधरा आठवडे व्याख्यान झालं की एक क्रेडिट. प्रॅक्टिकलला त्याच एका क्रेडिटसाठी आठवड्याला दोन तास द्यावे लागतात. म्हणजे चार क्रेडिटचा थिअरीचा पेपर हा साठ तासांचा. आपल्याकडच्या बहुतेक अभ्यासक्रमांत सत्राला २२, वर्षाला ४४ आणि तीन वर्षांत १३२ क्रेडिट असा हिशोब बसतो.

आपली मार्कशीट समोर घेऊन बघा. प्रत्येक पेपरपुढे एक आकडा क्रेडिटचा आणि एक ग्रेडचा असतो. काठावर पास झालात किंवा वर्गात पहिले आलात, तरी चार क्रेडिटच्या पेपरची क्रेडिट चारच मिळतात. किती शिकलात ते क्रेडिट सांगतं, कसं शिकलात ते ग्रेड सांगते. दोन्हींचा गुणाकार करून सगळ्या पेपरांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं, की एसजीपीए, म्हणजे त्या सत्राची ग्रेडची सरासरी, निघतो. केटी लागलेल्या पेपरची क्रेडिट मात्र तो सुटेपर्यंत शून्यच राहतात.

तिसरीही एक गोष्ट त्याच कागदावर असते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही: पेपर कुठल्या गटातला आहे. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या शाखेतला विषय. त्याशिवाय कौशल्याचे, भाषेचे, मूल्यशिक्षणाचे, भारतीय ज्ञानप्रणालीचे पेपर, क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण. पदवीला नुसती एकूण क्रेडिट भरून चालत नाही, प्रत्येक गटातली ठरलेली भरावी लागतात. ओपन इलेक्टिव्हची चार जास्त झाली म्हणून मेजरची चार कमी चालत नाहीत.

एबीसी काय करते आणि काय करत नाही

अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजेच एबीसी, २९ जुलै २०२१ रोजी सुरू झाली. विद्यार्थ्याला बारा अंकी क्रमांक मिळतो, तोच आता 'अपार' नावाने ओळखला जातो. डिजिलॉकरमध्ये खातं उघडलं की त्यात आपली क्रेडिट दिसतात. जमा झालेली क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात आणि एकदा एखाद्या पदवीसाठी वापरली की खात्यातून कायमची वजा होतात. तीच क्रेडिट दोन पदव्यांना लावता येत नाहीत.

विद्यार्थ्याला या खात्यात स्वतः काहीही भरता येत नाही. प्रमाणपत्राचा फोटो काढून अपलोड केला आणि क्रेडिट मिळाली, असं होत नाही. भरणा फक्त नोंदणीकृत संस्था करते. त्यामुळे खातं रिकामं दिसत असेल तर सहसा संस्थेने त्या सत्राची माहिती पाठवलेली नसते, किंवा आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव जुळत नाही. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव असतं, आधारवर बहुधा तसं नसतं. हा फरक पहिल्याच वर्षी मिटवून घ्या. शेवटच्या वर्षी परीक्षा विभागात रांग लांब असते आणि वेळ कमी.

सोनाराचा काटा

बँक या नावामुळे आपल्याला वाटतं की क्रेडिट नोटेसारखी आहेत, जळगावात भरली आणि पुण्यात काढली. प्रत्यक्षात व्यवहार सोनं मोडण्यासारखा असतो. एका सोनाराने घडवलेली बांगडी दुसऱ्याकडे नेली तर तो नुसत्या पावतीवर विश्वास ठेवत नाही. वजन करतो, कस लावतो, घट धरतो आणि मग सांगतो की नव्या दागिन्यात यातलं किती जमा धरेन.

समजा, जळगावच्या विद्यापीठात बी.एस्सी.चं पहिलं वर्ष केलेली मुलगी वडिलांच्या बदलीमुळे पुण्याला आली. मेजर रसायनशास्त्र, मायनर वनस्पतिशास्त्र, खात्यात ४४ क्रेडिट. नवं कॉलेज आधी बघणार की दुसऱ्या वर्षाला जागा रिकामी आहे का. नसेल तर बाकीची चर्चाच नाही. जागा असली तर दोन्ही विद्यापीठांचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून पेपरमागून पेपर तपासले जातात. मेजरमधला दोन क्रेडिटचा भौतिक रसायनाचा पेपर पुण्यात पहिल्या वर्षी होतो, जळगावात तो दुसऱ्या वर्षी आहे, म्हणजे तिचा तो राहिला. वनस्पतिशास्त्राचं मायनर या कॉलेजात नाहीच, म्हणजे त्याची दोन क्रेडिट अडकली. भाषा, मूल्यशिक्षण आणि ओपन इलेक्टिव्ह यांच्यावर फारसा वाद होत नाही. खात्यात ४४ आहेत, धरली गेली ४०. उरलेली चार तिला दुसऱ्या वर्षाच्या ओझ्याबरोबर काढावी लागतील.

चार क्रेडिट म्हणजे काही आभाळ कोसळलं नाही. पण हे तिला जूनमध्ये कळलं तर ती तयारीने येते, आणि नोव्हेंबरमध्ये परीक्षेचा फॉर्म भरताना कळलं तर तिचं सत्र जातं.

हीच मुलगी दोन वर्षं संपवून, ८८ क्रेडिट घेऊन आली असती तर आणखी एक अडचण होती. एबीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार जी संस्था पदवी देणार, तिच्याकडून किमान निम्मी क्रेडिट मिळवावी लागतात. १३२ च्या निम्मी ६६. दोन वर्षं बाहेर करून आलेल्याकडे नव्या ठिकाणी मिळवायला ४४ च उरतात. म्हणून बदल करायचाच असेल तर पहिल्या वर्षानंतर करणं सोपं जातं.

'खातं केंद्र सरकारचं, मग कॉलेज नाही कसं म्हणतं?'

पालक हा प्रश्न विचारतात आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण पदवीवर सही कोणाची असते ते बघा. ती विद्यापीठाची असते, एबीसीची नाही. रसायनशास्त्राच्या पदवीधराला भौतिक रसायन येतं, याची हमी विद्यापीठ देतं. न शिकलेला पेपर त्याने शिकल्यासारखा धरला तर नुकसान पुढे त्याच मुलीचं होतं, एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रात.

कॉलेजने काय करायला हवं, हे मात्र मी ठामपणे सांगेन. नाकारायचं असेल तर कुठला पेपर, का आणि त्याऐवजी काय, हे लेखी द्यायला हवं. 'इक्विव्हॅलन्स (समकक्षता) बसत नाही' एवढं खिडकीतून सांगून मुलांना परत पाठवणं अन्यायाचं आहे. तुम्हीही तोंडी विचारू नका. पेपरांची नावं, कोड, क्रेडिट आणि अभ्यासक्रमाच्या प्रती जोडून प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या आणि पोच घ्या. एलसी आणि मायग्रेशन सर्टिफिकेट जुन्या ठिकाणाहून काढण्याआधी हे करा, कारण ती काढली की जुनी जागा सोडलेली असते.

वैद्यकीय, विधी, औषधनिर्माणशास्त्र अशा अभ्यासक्रमांना त्यांच्या नियामक परिषदांचे वेगळे नियम असतात. इथला हिशोब तिकडे लावू नका.

मधेच थांबायचं असेल तर

पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स. हे आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्यातली अट फार थोड्यांना माहीत असते: पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडायचं तर वर्षाची क्रेडिट पूर्ण करून भागत नाही, उन्हाळ्यात चार क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप वेगळी करावी लागते. ती केली नाही तर हातात मार्कशीट राहते, प्रमाणपत्र मिळत नाही. परत यायचं असेल तर तीन वर्षांच्या आत, आणि सगळी पदवी सात वर्षांच्या आत.

घरच्या परिस्थितीमुळे थांबणाऱ्या मुलांसाठी, विशेषतः लग्न ठरल्यामुळे शिक्षण सुटणाऱ्या मुलींसाठी, ही सोय फार मोलाची आहे. पूर्वी दुसऱ्या वर्षात सुटलेलं शिक्षण 'बारावी पास' म्हणूनच मोजलं जायचं. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: थांबावं लागणार असं दिसलं की एप्रिलमध्येच शिक्षकांना सांगा, म्हणजे उन्हाळ्यातली ती चार क्रेडिट पदरात पडतील.

स्वयमचे कोर्स

नियमानुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत पेपर स्वयमवरून करता येतात. पण कुठला ऑनलाइन कोर्स कुठल्या पेपरच्या जागी चालेल हे विद्यापीठ किंवा स्वायत्त कॉलेज ठरवतं, आणि ते कोर्स सुरू होण्याआधी. आधी कोर्स करायचा, केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची, प्रमाणपत्र मिळवायचं आणि मग कॉलेजला विचारायचं, असा उलटा क्रम बरीच मुलं लावतात. ज्ञान वाया जात नाही, बायोडेटातही ते शोभतं, पण क्रेडिट मिळत नाहीत. नाव नोंदवण्याआधी विभागप्रमुखांची लेखी संमती घ्या.

विचारायचं कोणाला?

सगळ्या वाटा याच प्रश्नाशी येतात. अमेरिकेतल्या विद्यापीठांत या कामासाठी पगारी सल्लागार असतात. विद्यार्थ्याने कुठले पेपर घेतले, कुठले राहिले, पदवी वेळेत होईल का, हे बघणं एवढंच त्यांचं काम. आपल्याकडे ते शिक्षकाच्या तासिकांवर वरून आलेलं आहे. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात एका मेंटॉरमागे, म्हणजे मार्गदर्शक शिक्षकामागे, किती विद्यार्थी, हा आकडा विचारतात. त्यामुळे मेंटॉर-मेंटीची यादी जवळपास प्रत्येक कॉलेजात असते. यादी असणं आणि सल्ला मिळणं यात अंतर आहे. ज्या शिक्षकाकडे वर्ग, पेपर तपासणी, निवडणुकीचं काम आणि समित्यांच्या फायली आहेत, त्याने पन्नास-साठ मुलांची क्रेडिट कधी बघायची? हा माणसांचा दोष नाही, वेळापत्रकात त्या कामाला तासच दिलेला नाही. आठवड्यातला एक तास मेंटॉरिंगसाठी कार्यभारात धरला, तर नव्या धोरणातले निम्मे गोंधळ तिथेच मिटतील, असं माझं मत आहे.

'पण आमच्या मेंटॉरनाच माहीत नसतं,' असं मुलं म्हणतात. होतं असं. नियम नवे आहेत आणि परिपत्रकं बदलतात. तरीही जा, आणि मोकळ्या हाताने जाऊ नका. एका कागदावर गटवार तक्ता करा: मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह आणि बाकीचे. पुढे तीन रकाने: पाहिजेत किती, झाली किती, उरली किती. हा तक्ता समोर ठेवला की शिक्षकाला दहा मिनिटांत खड्डा दिसतो आणि नेमका कुठला नियम शोधायचा ते कळतं. तक्ता करताना खड्डा बहुधा तुम्हालाच आधी दिसेल.

शिफारसपत्र: मागायचं कसं

क्रेडिटचा लेख आणि त्यात शिफारसपत्र कुठून आलं? दोन्ही गोष्टी एकाच माणसापाशी येतात म्हणून. जो शिक्षक तुमचा तक्ता घेऊन बसला, ज्याने तुम्हाला अडचणीत निर्णय घेताना पाहिलं, तोच तुमच्याबद्दल चार खरी वाक्यं लिहू शकतो. परदेशी पदव्युत्तर प्रवेशाला साधारण दोन-तीन पत्रं लागतात. देशातही तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीसारख्या संधींसाठी शिक्षकाचं पत्र मागतात.

पत्र वाचणाऱ्याकडे गुण आधीच असतात. त्याला गुणांत न दिसणारी गोष्ट हवी असते. 'ही विद्यार्थिनी मेहनती, प्रामाणिक व हुशार आहे' हे वाक्य त्याने त्या दिवशी कितीतरी वेळा वाचलेलं असतं. त्याऐवजी असं बघा: 'टायट्रेशनचं उत्तर अपेक्षेपेक्षा सतत वेगळं येत होतं. बाकीच्या गटांनी आकडे जुळवून लिहिले. हिने सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण कधी केलं ते विचारलं. ते तीन आठवड्यांपूर्वीचं होतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याची तीव्रता उतरली होती. तिने ते पुन्हा प्रमाणित केलं आणि सगळी वाचनं नव्याने घेतली.' यात मेहनती हा शब्द एकदाही नाही, तरी मुलगी दिसते.

असा प्रसंग शिक्षकाला आठवून देणं हे तुमचं काम आहे. निदान महिनाभर आधी जा. मार्कशीट, बायोडेटा, कुठल्या अभ्यासक्रमाला अर्ज करता आहात ते, अंतिम तारखा आणि त्यांच्या वर्गात केलेल्या कामाची अर्धा पान टिपणं द्या. आणि असं विचारा: 'सर, माझ्याबद्दल चांगलं लिहिता येईल असं तुम्हाला वाटतं का?' शिक्षक अडखळले तर मनाला लावून न घेता आभार माना आणि दुसऱ्यांकडे जा. कोमट पत्रापेक्षा नकार बरा.

आपल्याकडची एक खरी अडचण अशी की मुलांना सगळ्यात जवळून ओळखणारे शिक्षक बरेचदा तासिका तत्त्वावरचे, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे मानधन मिळणारे (सीएचबी), असतात. अशा सरांना कॉलेजचा अधिकृत ईमेल नसतो, पुढच्या वर्षी ते तिथे असतील याची खात्री नसते. परदेशी पोर्टलवर जीमेलचा पत्ता दिला तर शंका घेतली जाऊ शकते. अशा वेळी त्यांनी पत्रात स्वतःची नेमणूक, कालावधी आणि शिकवलेले पेपर स्पष्ट लिहावेत, आणि दुसरं पत्र विभागप्रमुखांकडून अधिकृत पत्त्यावरून जावं. पदाने मोठ्या पण तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाच्या पत्रापेक्षा, वर्षभर शिकवलेल्या तासिका शिक्षकाचं पत्र जास्त बोलतं.

'सगळेच स्वतः लिहून सही घेतात, मग मी का नको?'

ही पद्धत पडली आहे हे खरं. शिक्षकांना वेळ नसतो, इंग्रजीत लिहायचा संकोच असतो, मग ते म्हणतात 'तूच लिहून आण.' पण तीन पत्रं एकाच हाताने लिहिलेली असली तर भाषेवरून ते ओळखू येतं, आणि संशय आला की नुकसान तुमचंच होतं. शिवाय ते खोटं आहे, हे आपण का विसरावं? शिक्षक म्हणाले 'लिहून आण' तर टिपणं द्या, मुद्दे द्या, प्रसंग द्या. वाक्यं त्यांची असू द्या. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, त्याला कुणी नावं ठेवत नाही.

अमेरिकी अर्जात एक खूण असते: 'हे पत्र बघण्याचा हक्क मी सोडतो.' तिथल्या १९७४ च्या फर्पा कायद्याने प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला आपल्या नोंदी बघण्याचा हक्क दिला आहे, म्हणून हा प्रश्न येतो. हक्क सोडला की शिक्षक मोकळेपणाने लिहू शकले असं मानलं जातं आणि पत्राचं वजन वाढतं. बहुतेकांनी तो सोडावाच.

परदेशात आपली क्रेडिट

इथे काटाच बदलतो, तोळ्याचा ग्रॅम होतो. युरोपात वर्षाला ६० क्रेडिट असतात आणि एकामागे २५ ते ३० तासांचं काम धरतात. आपल्या २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला १२०० तास (वर्गाबाहेरचा अभ्यासही धरून) आणि ४० क्रेडिट. अमेरिकेत पदवी साधारण १२० क्रेडिटची. म्हणून आकड्याला आकडा लावून 'माझी १३२ आहेत, त्यांची १२०, म्हणजे मी पुढे' असा निष्कर्ष काढू नका. मधेच तिकडच्या विद्यापीठात जायचं असेल तर ते प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम मागतात, आणि ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांचा एकत्रित गुणतक्ता, बहुधा विद्यापीठाकडून थेट, सीलबंद पाकिटात किंवा ऑनलाइन गेलेला हवा असतो.

'मी शेवटच्या वर्षाला आहे, आता उशीर झाला का?'

नाही. तीन कामं या महिन्यात होऊ शकतात. डिजिलॉकर उघडून प्रत्येक सत्राची क्रेडिट आली आहेत का बघा, नसतील तर परीक्षा विभागात अर्ज द्या. निकाल लागून शिक्षक पांगण्याआधी शिफारसपत्रासाठी भेटा. आणि तुम्ही ज्या वर्षी जो पेपर शिकलात, त्याच वर्षीचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. अभ्यासक्रम बदलला की जुनी प्रत तिथून काढली जाते, आणि दोन वर्षांनी कुणी मागितली तर ती मिळवायला ग्रंथालय आणि विभाग यांच्यात हेलपाटे घालावे लागतात. प्रत छापून तिच्यावर विभागप्रमुखांची सही आणि कॉलेजचा शिक्का घ्या. पानांवर कोड, क्रेडिट आणि तासांची संख्या दिसते आहे ना, एवढं तिथेच उभं राहून तपासा.